जस्ताची बादली

माझं गाव लोहा.
गावाच्या नावात लोखंड आहे, जमिनीत नाही,
हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या,
लिंबाजी, रक्तात तरी आहे का, तपासून घ्या.

त्या रफिया कलईगार. बायोकेमिस्ट्रीच्या प्रोफेसर.
वडील इतवाऱ्यात भांड्यांना कल्हई करायचे.
भाता, नवसागर, कापसाचा बोळा,
तापल्या पातेल्यात कथील सरसर पळायचं
आणि तांबं आमटीत उतरायचं थांबायचं.
'आमचा धंदाच तो,' त्या म्हणतात,
'धातूनं कुठवर यावं, ते ठरवायचं.'

मी नळ्या धुतो.
रात्रभर ॲसिडात, सकाळी तीनदा शुद्ध पाणी,
उलट्या करून वाळवायच्या, आत बोट लावायचं नाही.
अंगठी नाही, कडं नाही, खिशात चिल्लर नाही.
पहिल्या वर्षी वाटलं, हे सोवळं आहे.
नंतर कळलं, त्याहून कडक आहे.
सोवळ्यात पळवाट असते.

पेशीला दारं असतात, हे मॅडमनी मला
चहाच्या कपावर बशी झाकून समजावलं.
दारावर प्रथिनं बसतात, राखणीला.
जस्त लागेल तेवढं आत, पुरे झालं की बाहेर.
गाठीतल्या पेशीचा राखणदार मात्र
दार लावायचं विसरतो, की मुद्दाम उघडं ठेवतो,
एवढंच त्यांना शोधायचंय.
एवढंच, म्हणतात. अकरा वर्षं झाली.

त्या उन्हाळ्यात सगळ्याच नळ्या हिरव्या चमकल्या.
जस्त असेल तिथं चमकणारा रंग होता तो.
गाठीची पेशी चमकली, निरोगी चमकली,
शेवटी जिच्यात काहीच नव्हतं ती कोरी नळीसुद्धा,
अंधाऱ्या खोलीत, मांजराच्या डोळ्यासारखी.

तीन महिने.
रंग बदलला, मशीनवाला पुण्याहून आला,
पीएच.डी. करणारी सेलूची पोरगी जिन्यात बसून रडली.
मॅडम रोज एकेक गोष्ट वगळत गेल्या
आणि एका दुपारी मोरीपाशी येऊन थांबल्या.

लाइट गेली की पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद.
म्हणून मी घरून बादली आणली होती,
पत्र्याची, अंगावर खडीसाखरेसारखी नक्षी.
रात्री लाइट असेल तेव्हा भरून ठेवायचो.
मॅडमनी वाकून तिला टिचकी मारली.
कल्हईवाल्याच्या पोरीला आवाज पुरतो.
'कुणाची?'
'माझी.'
त्या तिथंच बसल्या, ओल्या फरशीवर,
आणि हसल्या. मग बराच वेळ हसल्या नाहीत.
'तीन महिने मी गाठीत शोधायले, लिंबाजी,
आणि जस्त तुमच्या बादलीत.'

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
एक गोष्ट त्यांना मी सांगितली नाही.
दवाखान्यातून येणाऱ्या तुकड्यांवर नाव नसतं, नंबर असतो,
आणि एकशे सतरा माझ्या बहिणीचा असावा.
अन्साचं ऑपरेशन त्याच तारखेला झालं, तिथंच.
असेल, नसेलही. विचारायचं नसतं.
त्या नळ्या मी चारदा धुवायचो.
चौथी खेप माझी, वहीत नसलेली,
त्याच बादलीतल्या पाण्याची.

प्लास्टिकचे कॅन आले. पुन्हा पहिल्यापासून.
एका गुरुवारी अंधाऱ्या खोलीत कोरी नळी काळी राहिली.
मॅडमनी वहीत शून्य लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या,
सेलूच्या पोरीनं पेढे आणले.
शून्य आलं म्हणून पेढे वाटणारी माणसं
मी तोवर पाहिली नव्हती.

रात्री अन्साचा फोन. ती दर वेळी विचारते,
'तुमच्या मॅडमचं निघालं का काही?'
'निघालं,' म्हणालो. 'शून्य निघालं.'
ती थांबली. मागं कुकरची शिट्टी झाली.
'बरंच की मग,' म्हणाली,
'माझ्या रिपोर्टात तेच यावं म्हणून तर बसलेय.'